मोठं झाड हलवायचंय? क्रेनच्या आधी कुदळ बोलवा

दिवाळी झाली की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात, पावसाळ्यातल्या बुरशी-किडीच्या तक्रारी कमी होतात आणि घरबांधणीच्या सुरू होतात. यंदा तर निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विषय आहे, मोठं झाड एका जागेवरून दुसरीकडे नेता येईल का. म्हणून हा अख्खा भाग त्यालाच दिलाय.

ताई, पुण्यात आमचा जुना बंगला रीडेव्हलपमेंटला जातोय. अंगणात वडिलांनी कोय पुरून वाढवलेला रायवळ आंबा आहे, पंचवीस वर्षांचा, आणि एक पांढरा चाफा आहे. बिल्डर म्हणतो काळजी नको, जेसीबी आणि क्रेन आणून एका दिवसात दोन्ही झाडं मागच्या प्लॉटवर शिफ्ट करून देतो. काम जूनमध्ये सुरू होणार. आंब्याच्या खोडाचा घेर टेपने मोजला, 38 इंच भरला. जगेल का?
— एक वाचक, पुणे

एका दिवसात झाड उचलून नेता येतं हे खरं आहे, पण एका दिवसात ते जगवता येत नाही. आत्ता नोव्हेंबर आहे आणि तुमचं काम जूनमध्ये आहे, म्हणजे हातात सात महिने आहेत, आणि हीच तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे.

आधी चाफ्याचं सांगते म्हणजे तो विषय संपेल. चाफा दुधाळ, मांसल फांद्यांचा, स्वतःच्या अंगात पाणी साठवून ठेवणारा, त्याची नुसती फांदी तोडून आठवडाभर सावलीत सुकवून लावली तरी जगते. त्याला मेच्या शेवटी दोन-अडीच फुटांचा मातीचा गोळा ठेवून काढा, तुटलेली मुळं चार दिवस कोरडी होऊ द्या, लावा, आणि पाणी बेताने घाला. चाफा मेला तर बहुतेक वेळा जास्त पाण्याने कुजून मरतो.

आंब्याचं मात्र तसं नाही. कोयीपासून जागेवरच वाढलेलं झाड म्हणजे सोटमूळ सरळ खाली गेलेलं, आणि आंबा मुळं तुटलेली फारशी सहन करत नाही. वड, पिंपळ, उंबर, पांगारा, चाफा ही मंडळी हलवायला सोपी, कडुनिंब, करंज, बकुळ मधली, आणि आंबा, फणस, साग, चिंच अवघड. तुमचा आंबा अवघडात मोडतो. अशक्य म्हणत नाही मी, पण शंभर टक्के जगेल असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

तुमच्या घेराचं गणित मांडून बघू. 38 इंच घेर म्हणजे व्यास साधारण 12 इंच. मोठ्या झाडासाठी खोडाच्या व्यासाच्या किमान दहा पट रुंदीचा मातीचा गोळा मुळांसकट उचलावा लागतो, आपल्याकडे नर्सरीवाले त्याला हुंडी म्हणतात. तुमची हुंडी झाली दहा फूट रुंद. खोली तीन फूट पुरे, कारण झाडाला खाऊपिऊ घालणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात. आता तीन मीटर रुंद, पाऊण-एक मीटर खोल आणि खाली निमुळता होत गेलेला ओल्या मातीचा गोळा, त्याचंच वजन आठ-नऊ टन होतं, झाड वेगळं. बिल्डरच्या डोक्यात जी हायड्रा क्रेन असते तिच्यावर चौदा टन लिहिलेलं असतं खरं पण ते बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, अगदी जवळ असतानाचं, बूम लांब केली की ताकद झपाट्याने कमी होते, आणि झाडाजवळ जायला जागा नसते म्हणून बूम लांब करावीच लागते. मग काय होतं, वजन झेपत नाही म्हणून ऐन वेळी हुंडी छाटून लहान केली जाते, चार फुटांवर येते, आणि झाड तिथेच मरतं, फक्त आपल्याला ते दोन महिन्यांनी कळतं. म्हणून बिल्डरला पहिला प्रश्न हाच विचारा की हुंडी किती फुटांची घेणार आणि क्रेन किती अंतरावर उभी राहणार. जेसीबीने तर उपटायचंच नाही, त्याचा दात मुळं कापत नाही, ओढून चिरतो, आणि चिरलेलं मूळ आतपर्यंत कुजत जातं.

आता कुदळ. या आठवड्यात आधी परवानगीचा अर्ज करा, त्याबद्दल खाली नाशिकच्या पत्रात सांगितलंय. मग खोडापासून साडेचार फुटांवर चुन्याने गोल आखा आणि त्याचे सहा भाग करा. एक सोडून एक असे तीन भाग आत्ता खणायचे, चुन्याची रेषा मधोमध ठेवून एक फूट रुंद आणि अडीच-तीन फूट खोल चर. मजूर माणसं पहारीने मुळं तोडतात ते करू देऊ नका, बोटापेक्षा जाड मूळ लागलं की हातकरवतीने स्वच्छ कापायचं आणि जाड कापावर बोर्डो पेस्ट लावायची, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी हे प्रमाण, तुम्हाला त्याच्या दहाव्या भागात काम भागेल, आणि भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडी नको. मग चर भरायचा तो निघालेल्या मातीत चांगलं कुजलेलं कंपोस्ट, थोडी वाळू आणि कोकोपीट मिसळून, आणि दर आठवड्याला ओल ठेवायची. उरलेले तीन भाग जानेवारीच्या शेवटी. असं अर्धं अर्धं केल्याने झाडाला एकदम धक्का बसत नाही, एका बाजूची मुळं कापलेली असताना दुसरी बाजू पाणी पुरवत राहते.

फेब्रुवारीत एकदा आधी भरलेल्या चरात हाताने हळूच उकरून बघा. कापलेल्या जाड मुळाच्या टोकाशी पांढरी, बोटभर लांब, शेवयांसारखी नवी मुळं झुपक्याने आलेली दिसली तर समजा निम्मी लढाई जिंकलात. जी बारीक मुळं एरवी दहा-पंधरा फुटांवर पसरलेली असतात आणि हलवताना मागेच राहतात, तीच आता हुंडीच्या कडेला तयार झाली. म्हणून जूनमध्ये हुंडी खणताना चराच्या बाहेरून, खोडापासून पाच फुटांवरून खणायची, चर हुंडीच्या आत यायला हवा, नाहीतर सात महिन्यांची मेहनत आपल्याच फावड्याने कापून टाकाल. मी हे होताना बघितलंय म्हणून दोनदा सांगतेय. आणि फेब्रुवारीत काहीच दिसलं नाही, चर कोरडाच दिसला, तर झाड हलवायचा विचार सोडा आणि आर्किटेक्टशी बोला.

खरं तर त्याच्याशी आधीच बोला. पंचवीस वर्षांचं झाड प्लॉटच्या कडेला असेल तर पार्किंगचा एखादा स्लॉट सरकवून, कंपाउंडची भिंत दोन फूट वळवून ते जागेवर राहू शकतं का हे नकाशा मंजुरीला जायच्या आधी विचारा, नंतर कोणी ऐकत नाही. जागेवर राहिलेलं झाड हे हलवलेल्या झाडापेक्षा केव्हाही बरं.

आणि अजून एक, हे कृपा करून कराच. येत्या पावसाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे झाड हलायच्या आधी, त्याच्या काड्या घेऊन पाच-सहा कलमं बांधून घ्या. जवळच्या नर्सरीत कोय कलम किंवा पाचर कलम करणारा माणूस मिळतो, पेन्सिलीएवढी जाड, टोकाचा डोळा फुगलेली काडी लागते. वडिलांनी लावलेल्या आंब्याचीच ती फांदी असणार, फळ तेच, वास तोच. मूळ झाड जगलं तर आनंदच, नाही जगलं तरी वडिलांचा आंबा तुमच्या घरातून गेला असं होणार नाही.

गुहागरकडे आमच्या खळ्याच्या कडेला दोन माड आहेत, घर वाढवायचंय. माड हलतो का? वय असेल वीस वर्षं.
— एक वाचक, गुहागर

हलतो आणि आंब्यापेक्षा पुष्कळ सोपा हलतो. माडाला सोटमूळ नसतंच, बुंध्याच्या तळातून सुतळीसारखी सारख्या जाडीची शेकडो मुळं निघतात आणि नवी मुळंही तिथूनच येत राहतात, म्हणून खोडापासून दोन-अडीच फूट सोडून खणलं तरी चालतं. जून-जुलै घ्या पण आठवडाभर कोसळत असताना नको, क्रेनचं चाक लाल मातीत रुतलं की सगळं अडकतं. खालच्या जुन्या झावळ्या काढा, वरच्या सुंभाने एकत्र बांधा आणि आतल्या कोंबाला धक्का लागू देऊ नका, माडाला वाढायची ती एकच जागा आहे, ती मोडली की माड संपला. खोडाला पट्टा लावणारच असाल तर खाली जाड गोणपाट गुंडाळा, कारण माडाच्या खोडावरची जखम आंब्या-वडासारखी भरून येत नाही, जन्मभर तशीच राहते. लावताना पूर्वी होता त्याच पातळीला लावा, पडू नये म्हणून खोल गाडू नका. तीन बाजूंनी बांबूचे टेकू वर्षभर राहू द्या.

सोसायटीच्या आवारातलं कडुनिंबाचं झाड आम्ही वर्गणी काढून जूनमध्ये हलवलं. कॉन्ट्रॅक्टरने आधीच सगळ्या फांद्या छाटून नुसता खांब ठेवला होता. ऑगस्टमध्ये खोडावर छान पालवी फुटली, सगळ्यांनी पेढे वाटले, ऑक्टोबर हिटमध्ये ती पालवी करपली. मेलं का झाड? पाणी रोज घालतोय.
— सोसायटीच्या सेक्रेटरी, छत्रपती संभाजीनगर

मेलं का ते आधी बघू. खोडावर छातीच्या उंचीला नखाने किंवा सुरीच्या टोकाने तांदळाच्या दाण्याएवढी साल खरवडा. खाली हिरवं-ओलं दिसलं तर जीव आहे, तपकिरी आणि कोरडं असेल तर एक फूट खाली खरवडा, मग अजून खाली, अगदी जमिनीपर्यंत, आणि चारी दिशांनी. बऱ्याचदा वरचं वाळलेलं असतं आणि बुंध्याशी हिरवं असतं, तर वाळलेला भाग हिरव्यापर्यंत कापून टाका आणि थांबा. कडुनिंब चिवट आहे, वर्षाने फुटलेला मी बघितलाय.

पण पेढ्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण ही चूक सगळीकडे होते, सरकारी कामात तर फारच. खोडावर आलेली पहिली पालवी ही नव्या मुळांच्या जिवावर आलेली नसते, ती खोडात साठवलेल्या अन्नावर येते. जळाऊ लाकडाच्या ढिगातलं पांगाऱ्याचं ओंडकंसुद्धा पावसाळ्यात फुटतं, म्हणून काही ते जगलं असं होत नाही. पालवीने साठा संपवला, खाली मुळं तयार नव्हती, ऊन वाढलं आणि पाण्याची मागणी वाढली, संपलं. झाड जगलं असं मी तेव्हा म्हणते जेव्हा ते पहिला एप्रिल-मे पार करतं आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात फांदी लांब होते, नुसते झुपके येत नाहीत.

आणि तो खांब करायचा प्रकार. मुळं कमी झाली म्हणून पानं कमी करायची हा विचार ऐकायला बरोबर वाटतो आणि थोडी छाटणी लागतेच, मोडलेल्या, वाळलेल्या, एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या, ट्रेलरवर न मावणाऱ्या, फार तर एक चतुर्थांश. पण नवी मुळं वाढवायला लागणारं अन्न पानंच बनवतात आणि मुळं फुटायचा निरोपही फांदीच्या शेंड्याकडूनच खाली जातो, तेव्हा सगळी पानं काढणं म्हणजे आजाऱ्याचं जेवणच बंद करणं. कॉन्ट्रॅक्टर खांब करतो कारण खांब ट्रकमध्ये आडवा मावतो आणि वायरीखालून जातो. झाडाच्या भल्याशी त्याचा संबंध नाही, हे मी रागानेच लिहितेय कारण दरवर्षी रस्त्याच्या कडेला असे खांब रांगेने वाळलेले बघते आणि त्यांची नोंद मात्र पुनर्रोपण केलेली झाडं म्हणून होते.

रोज पाणी घालताय ते कुठे घालताय बघा. तुमच्याकडे काळी माती आहे. हुंडी मुरमाड आणि भोवती काळी माती असेल तर बाहेर चिखल आणि हुंडी आतून ठणठणीत कोरडी असं होतं, दोन मातींचं पाणी सहज एकमेकांत जात नाही. लोखंडी सळी खोडापासून फूटभरावर दीड-दोन फूट खोल घालून बाहेर काढा, टोकाला ओली माती चिकटली तर ठीक, कोरडी आली तर पाणी बाहेरच जातंय. मग आळं मोठं करण्यापेक्षा हुंडीच्या रुंदीएवढंच करा आणि पाणी हळूहळू, ठिबकने किंवा बारीक धारेने, हुंडीवरच सोडा. अंदाजाला खोडाच्या व्यासाच्या दर इंचामागे सात-आठ लिटर, दर खेपेला. आणि सळीला उग्र, गटारासारखा वास आला तर उलटं, खड्ड्यात पाणी साचून मुळं गुदमरताहेत. काळ्या मातीतला खड्डा विहिरीसारखा पाणी धरून बसतो, लावायच्या आधी खड्डा पाण्याने भरून दुसऱ्या दिवशी उतरलं का हे बघायला हवं होतं, आता बाजूने एक चर काढून पाण्याला वाट करून द्या. हुंडीवर चार इंच पालापाचोळ्याचं आच्छादन, पण खोडाला टेकवू नका. खोड उघडं पडलंय, दुपारच्या उन्हाने साल भाजून तडकते, पश्चिमेच्या बाजूला गोणपाट गुंडाळा किंवा चुना लावा. युरिया नको, ताजं शेण नको, उधई येते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत फक्त पाणी आणि सावली.

स्वतःच्या प्लॉटवरचं झाड स्वतःच्याच खर्चाने हलवायचंय, तोडायचं नाहीये. त्यालाही परवानगी?
— एक वाचक, नाशिक

हो. शहरी भागात 1975 चा झाडांच्या संरक्षण आणि जतनाचा राज्याचा कायदा लागू आहे, त्यात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हे तोडण्यातच धरलंय, आणि मुळं कापल्याशिवाय झाड हलत नाही. महापालिकेच्या उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, ते जागेवर पाहणी करतात, झाडावर नोटीस लावतात, हरकती मागवतात, यात वेळ जातो म्हणून चर खणायच्याही आधी अर्ज करा. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज मानलं जातं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात. गावाकडे मालकीच्या जमिनीत असाल तर 1964 चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग ही त्याच्या यादीतली झाडं, तिथे वनविभागाला विचारा. रस्त्याने न्यायचं असेल तर वाहतूक पोलीस आणि महावितरण, कारण झाड ट्रेलरवर उभं केलं की तारांना लागतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांनी विचारलं सगळ्यात मोठं झाड कुठलं आणि किती लांब हलवलंय. सांगाल का?
— एक शिक्षिका, अकोला

सगळ्यात मोठं म्हणून पैज लावणार नाही, पण मुलांना आवडेल असं एक सांगते. ऑस्ट्रेलियात 2008 मध्ये एक बोआब झाड, आपल्याकडच्या गोरखचिंचेचं सख्खं भावंड, रस्त्यावरच्या पुलाच्या कामात येत होतं म्हणून वॉर्मन भागातून पर्थच्या किंग्ज पार्कमध्ये नेलं. वजन 36 टन, वय साडेसातशे वर्षांच्या आसपास, आणि प्रवास 3200 किलोमीटरहून जास्त, ट्रकवर आडवं झोपवून. तिथल्या गिजा लोकांनी त्याला निरोप दिला आणि गिजा जुमुलू हे नाव दिलं. ते जगलं यात त्याच्या जातीचा मोठा वाटा आहे, गोरखचिंचेचं खोड म्हणजे पाण्याची टाकी, मुळं नसतानाही कित्येक दिवस तग धरते. मुलांना सांगा की असा प्रवास आंब्याला झेपला नसता.

वडाचंही सांगा. हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या प्रसिद्ध वडाचा मूळ बुंधा बुरशीने कुजला म्हणून 1925 मध्ये काढून टाकला, झाड पारंब्यांवर आजही उभं आहे. नवी मुळं काढायची वडाची ही सवयच त्याला हलवायला सोपं करते.

झाड उचलताना पट्टा कुठे बांधायचा? आमच्याकडे क्रेनवाला म्हणतो खोडाला बांधल्याशिवाय तोल राहत नाही.
— नर्सरी चालवणारा एक वाचक, सांगली

वजन हुंडीखालून घ्यायचं, खोडावर नाही. हुंडी खणून झाली की भोवती ओलं गोणपाट, त्यावर कोंबडीजाळी, आणि काथ्याच्या दोराने आडवं-उभं आवळून बांधा, मग खालून हळूहळू पोखरत दोन रुंद पट्टे आरपार घाला. खोडाला वरती एक पट्टा लागतो हे क्रेनवाल्याचं बरोबर आहे, पण तो फक्त झाड कलंडू नये म्हणून, त्याच्यावर भार येता कामा नये, आणि त्याखाली गोणपाटाचे चार-पाच थर आणि त्यावर बांबूच्या कामट्या.

हे मी एका बकुळीकडून शिकले. सुरुवातीची वर्षं होती, जूनचा दुसरा आठवडा, क्रेनवाल्याने घाई केली आणि मी हो म्हटलं, पट्टा खोडाला. झाड वीतभर उचललं गेलं आणि शर्टाची बाही सरकावी तशी साल पट्ट्याखाली सरकली, आतलं पिवळसर, ओलं, गुळगुळीत लाकूड उघडं पडलं. पावसाळ्याच्या तोंडी झाड वाढीला लागलेलं असतं तेव्हा साल आणि लाकूड यांच्यामधला थर नवा आणि रसाळ असतो, म्हणून साल सहज सुटते, हिवाळ्यात तेवढी सुटत नाही. अन्न खाली नेणारा रस्ता त्याच सालीत असतो. आम्ही साल परत बसवून बांधली, पेस्ट लावली, दोन वर्षं झाड हिरवं राहिलं, फुलंही आली, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात त्या बाजूच्या फांद्या एकेक करून वाळल्या, कारण त्या बाजूच्या मुळांना वरून काही पोचतच नव्हतं.

तेव्हा क्रेनवाला घाई करत असेल तर त्या दिवसाचं भाडं जाऊ द्या. हुंडीला आदल्या दोन दिवसांत भरपूर पाणी देऊन ठेवा, कोरडी हुंडी हवेत फुटते, आणि तुमच्याकडे कृष्णाकाठची काळी माती असेल तर फारच, मात्र उचलायच्या दिवशी सकाळी पाणी नको, चिखल होऊन पट्टा घसरतो. खोडावर उत्तरेकडच्या बाजूला रंगाचा एक ठिपका देऊन ठेवा म्हणजे नव्या जागी तीच बाजू उत्तरेला ठेवता येईल, उन्हाची सवय नसलेली साल पश्चिमेला गेली की भाजते. नवा खड्डा आदल्या दिवशीच तयार हवा, हुंडीच्या दुप्पट रुंद पण खोलीला हुंडीपेक्षा दोन बोटं कमीच, झाड बसतं तेव्हा थोडं खाली जातंच. बुंधा जिथे रुंद होऊन मुळांना मिळतो तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. आणि पट्टे सोडायच्या आधी तणावे बांधा, तीन बाजूंनी, खोडाला लागतात तिथे जुन्या सायकलची ट्यूब घालून, दर दोन महिन्यांनी ते सैल करून बघा, नाहीतर वाढत्या खोडात रुततात.